‘शार्ल’ आधी ‘चार्ल्स’ होता

मध्ययुगीन फ्रान्सवरची कादंबरी मराठीत आली, की तिच्यातले चार्ल्स आणि रिचर्ड हटकून ‘शार्ल’, ‘रिशार’ होतात. आजच्या पॅरिससाठी हे उच्चार बिनचूक आहेत. बाराव्या शतकातल्या रिचर्डने मात्र ‘रिशार’ या हाकेला ओ दिली नसती.

त्या काळच्या फ्रेंचमध्ये ‘सीएच’ या जोडीचा उच्चार आपल्या ‘चार’मधल्या चसारखा होता. त्याचा श झाला तेराव्या शतकाच्या सुमारास. याची साक्ष इंग्रजी देते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-अडीच शतकं फ्रेंच शब्द तिकडे जात राहिले. ‘चीफ’ त्या काळात गेलेला, ‘शेफ’ एकोणिसाव्या शतकातला. मूळ शब्द एकच. रिचर्डमधला च, जेफ्रीमधला ज हे त्याच जुन्या बोलीचे ठसे आहेत.

मराठी माणसाला तर इथे मोठीच सोय आहे. ‘फ्रान्स्वा’ लिहिताना ‘सी’ला आज जिथे खाली शेपटी काढतात, तिथे बाराव्या शतकात ‘चाक’, ‘चूल’मधला च ऐकू येई. इंग्रजी वळणाच्या जिभेला दोन्ही च सांभाळताना कसरत करावी लागते. आपण ते रोज बोलतो. याच नावातला शेवटचा स्वर आधी ‘ओइ’ होता. १५१५ साली पहिला फ्रान्स्वा गादीवर आला तेव्हा दरबारात तो ‘वे’ झालेला होता. पॅरिसच्या सामान्य लोकांचा ‘वा’ प्रतिष्ठित झाला तो १७८९च्या क्रांतीनंतर.

चार्ल्सच्या शेवटचा, आज मुका असलेला स मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे: लॅटिन ‘कारोलुस’मधून उरलेला, संस्कृत ‘रामः’च्या विसर्गाचा दूरचा नातलग. चार्ल्स वाक्यात कर्ता असेल तर स लागे, एरवी गळे. पुढे विभक्ती गेली, अक्षर राहिलं.

म्हणून नाव उच्चारण्याआधी शतक पाहावं. बाराव्या शतकातलं असेल, तर शेवटची व्यंजनं उच्चारावीत, ‘मारी’च्या शेवटी हलका अ ऐकू यावा आणि र आपल्यासारखा जिभेच्या टोकाने म्हणावा, घशातला र पुष्कळ नंतरचा. १४३१ साली जाळल्या गेलेल्या झान दार्कच्या वेळेपर्यंत मात्र जचा मऊ झ झाला होता. त्यामुळे तिला ‘झान’ म्हणणं योग्यच आहे. तिच्या सहीत मधोमध ‘एच’ दिसतो, पण त्याचा उच्चार करायचा नाही.