समुद्रकांठची खाणावळ

परभणीच्या माणसानें समुद्राविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. आमच्या जिल्ह्यापासून जवळांतला जवळ समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी शेंकडों किलोमीटर दूर आहे. आमचें पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, आणि आमचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. मुलांना नकाशावर पश्चिम किनारा दाखविण्यांत माझी सारी नोकरी गेली. परंतु तो किनारा डोळ्यांनीं पाहण्याचा आणि जिभेनें ओळखण्याचा योग मात्र सेवानिवृत्तीनंतर आला. गांवाचा स्वभाव त्याच्या देवळांत आणि किल्ल्यांत दिसतो, तसाच तो त्याच्या खाणावळींतहि दिसतो. म्हणून आज मी मालवणच्या खाणावळीविषयीं चार शब्द सांगणार आहें.

मालवण हें सिंधुदुर्ग जिल्ह्यांतलें जुनें बंदर. समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. गांवांत आणि शेजारच्या तारकर्ली-देवबागेंत माडांच्या सावलींत घरें आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांच्या पडवींत चारदोन टेबलें मांडलेलीं दिसतात. हीच खाणावळ. येथें स्वयंपाकी वेगळा नसतो. घरची गृहिणीच रांधते आणि घरचींच मुलें वाढतात. ही प्रथा कोंकणी माणसाला नवी नाहीं. कोंकणांतला गडी मुंबईच्या गिरणींत गेला, तेव्हां तेथेंहि त्याला एखाद्या बाईच्या खाणावळीनेंच जगविलें. अशाच खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून १९७५ सालीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झालें. पुढें १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, ‘न्याहरी व निवास’ योजना आली, आणि जी खाणावळ गिरणगांवांत परक्या कामगाराला जेवूं घालीत होती, ती आतां स्वतःच्या गांवांत पाहुण्याला जेवूं घालूं लागली.

आतां ताट पाहूं. भात, माशाचें सार, एखादा तळलेला मासा, तांदळाची भाकरी किंवा घावणे, आणि शेवटीं सोलकढी. यांतला एकहि पदार्थ केवळ हौसेनें आलेला नाहीं. त्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्म्याइतकाहि पडत नाहीं. पण आमची काळी माती पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. कोंकणच्या जांभ्या दगडांतून पाणी वाहून जातें, म्हणून तेथें भर पावसांत उभें राहणारें भातच पिकवावें लागतें. तेलासाठीं आणि दुधासाठीं माड आहे. आंबटपणासाठीं कोकम आहे.

या आंबटपणाचें कारण मोठें मौजेचें आहे. समुद्रांतला मासा मेल्यावर त्याच्या शरीरांतील एका द्रव्याचें रूपांतर होऊन ट्रायमिथिलअमाइन नांवाचा अल्कधर्मी पदार्थ तयार होतो. आपण ज्याला माशाचा वास म्हणतों, तो मुख्यतः याचाच. त्याला आम्ल भेटलें कीं तो बांधला जातो आणि हवेंत उडून नाकापर्यंत येत नाहीं. गोदावरीच्या माशांत तें मूळ द्रव्य फार थोडें असतें, म्हणून आमच्याकडच्या माशाला तसा वास येत नाहीं. कोंकणच्या आजीबाईंनीं रसायनशास्त्र वाचलें नव्हतें. पण बांगड्याच्या तिखल्यांत आमसुलें आणि तिरफळें पडलींच पाहिजेत, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

आम्ही जेवावयास बसलों तेव्हां माझ्या नातवानें पापलेट मागितलें. पदर खोंचून उभ्या असलेल्या बाई शांतपणें म्हणाल्या, “गुरुजी, आज पापलेट गावाक नाय. बांगडो ताजो आसा, तो खावन बघा.” मला थोडा रागच आला. आदल्या रात्रीं वाटेवरच्या एका मोठ्या पाटीच्या उपाहारगृहांत मागूं तो मासा मिळाला होता. त्याला चव मात्र बर्फाची होती, ही गोष्ट वेगळी. येथें मासा मिळेना! पण सकाळीं उतरलेला तो बांगडा खाल्ला, आणि ‘नाहीं’ म्हणणारी खाणावळ हीच खरी खाणावळ, हा धडा मी साठी उलटल्यावर शिकलों.

त्या ‘नाहीं’चा अर्थ दुसऱ्या दिवशीं किनाऱ्यावर कळला. तेथें रापण ओढण्याचें काम चाललें होतें. होडींतून एक लांबलचक जाळें अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसें हळूहळू ओढतात. जो मासा मिळेल त्याचे वांटे होतात. दर्या आज काय देईल, हें कोणास सांगतां येत नाहीं; म्हणून खाणावळवालीलाहि सकाळीं सांगतां येत नाहीं. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा पुष्कळ माशांचा विणीचा काळ. तेव्हां सुकी मासळी निघते आणि काळ्या वाटाण्याचें सांबारें शिजतें. शाकाहारी श्रोत्यांनीं तें अवश्य चाखावें.

परंतु पाहुणे वाढले, तशी मागणीहि वाढली, आणि ती नेमकी दोनच माशांची: सुरमई आणि पापलेट. पापलेट इतकें घटलें कीं त्याच्या रक्षणाकडे लक्ष वेधण्यासाठीं २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें त्याला राज्यमासा म्हणून घोषित केलें. थव्याचे थवे एका वेढ्यांत घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ सालीं राज्य शासनानें निर्बंध घातले. प्रखर विजेच्या दिव्यांनीं मासा गोळा करण्यास २०१७ सालीं केंद्र शासनानें बंदी केली. तरीहि रापणकर आणि मोठीं जाळीं यांचा तंटा मिटलेला नाहीं. आपणांस वाटेल, हा कोळ्यांचा आणि सरकारचा प्रश्न. आपला काय संबंध? संबंध हाच, कीं जाळें कोणता मासा शोधतें, हें शेवटीं ताटावर बसलेला माणूस ठरवितो. रापणींत बांगडा आणि तारली येते. ती कोणी मागितली नाहीं, तर रापणकराच्या वांट्याला किंमत राहत नाहीं, आणि ज्याच्यापाशीं मोठें जाळें त्याचेंच राज्य होतें.

म्हणून सुटींत किनाऱ्यावर जाल, तेव्हां एवढेंच करा. “सुरमई आहे का?” असें विचारूं नका, “आज काय आलें आहे?” असें विचारा. आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि ज्वारीच्या भाकरीऐवजीं घावणे मागूं लागला, तर आपण हंसूंच ना? परभणीच्या कृषि विद्यापीठानें ‘परभणी मोती’ नांवाची ज्वारी तयार केली. तिची भाकरी आमच्या जमिनीचें देणें आहे. बांगडा हें त्यांच्या दर्याचें देणें. यजमानाच्या घरीं जें ताजें असेल तें आदरानें खावें, ही आपली जुनीच रीत. ती पाळली तर पाहुण्याचें पोट भरेल, आणि त्या पडवींतली चूलहि पेटती राहील.