हापशाची सोलापुरी साखळी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या कातळावर वसला आहे. विहिरी आटल्या तरी या कातळाच्या भेगांत, खोलवर, पाणी उरते. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘युनिसेफ’च्या मदतीने हवेच्या दाबावर चालणारी खोदाई यंत्रे देशात आली, आणि १९७२च्या दुष्काळात गावोगावी बोअर पडू लागल्या.

पाणी लागले, पण ते वर काढणार कशाने? तेव्हाचे बिडाचे हातपंप म्हणजे परदेशातल्या शेतघरांसाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबापुरते ते ठीक चालत. इथे मात्र पहाटेपासून गावाची रांग लागे. खिळी झिजत, दांडे तुटत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद सापडले. कोट्यवधी रुपये जमिनीत गेले आणि बायका पुन्हा ओढ्याच्या झऱ्यावर गेल्या.

तोडगा मराठी मुलुखातच तयार होत होता. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी पंप घडला. सोलापुरात त्याच वाटेने पुढचा पंप तयार झाला. दांड्याच्या टोकाला गोलाई देऊन त्यावर साखळी बसवली. त्यामुळे दांडा कसाही हलला तरी आतली सळई सरळच वर ओढली जाते, आणि दट्ट्या एका बाजूला घासत नाही. बेअरिंग बंदिस्त असल्याने रोज तेल द्यायला नको. याच पायावर ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. कोइमतूरच्या परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या, मद्रासच्या ‘रिचर्डसन अँड क्रुडास’ने तो बनवला. त्यावर कोणाचे पेटंट नाही, म्हणून तो आफ्रिकेतही पसरला. युगांडातला ‘यू टू’ पंप त्याच घराण्यातला.

पंपाच्या ओट्याकडे फारसे कोणी पाहत नाही. खरे तर पाणी पिण्याजोगे राहते ते त्याच्यामुळे. पंपाचे बूड बोअरच्या केसिंगभोवती काँक्रीटमध्ये घट्ट बसते, सांडपाणी नालीतून दूर जाते. ओटा फुटला की डबक्यातले पाणी थेट बोअरमध्ये झिरपते, आणि गावात जुलाबाची साथ येते. नव्या पंपाच्या उद्घाटनाला जेवढे लोक जमतात, तेवढे हा ओटा दुरुस्त करायला जमले पाहिजेत.

दुरुस्तीची अडचण ‘मार्क टू’लाही होतीच. खालचा वायसर बदलायचा तर सगळे लोखंडी पाईप उपसावे लागत. त्यासाठी तिकाटणे आणि पथक हवे. ‘मार्क थ्री’मध्ये पाईप रुंद केले, म्हणजे दट्ट्या पाईप न काढताच वर येतो. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातल्याच माणसांना मिस्त्री केले. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या बायकांनी हातात पाना घेतला. पाणी जिला भरायचे, तिलाच दुरुस्ती येत असेल, तर पंप जास्त दिवस बंद राहत नाही.

तरीही हापशाला मर्यादा आहे. जुन्या निकषाप्रमाणे एक पंप २५० माणसांसाठी, माणशी रोज ४० लिटर. मिनिटाला १२ लिटर धरले तरी जवळपास १४ तास अखंड हापसावे लागते. २०१९च्या जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटर नळाने द्यायचे ठरवले. तेवढे हापशाने द्यायचे तर १९ तास लागतील.

म्हणून राज्यातल्या दुर्गम पाड्यांवर दुहेरी पंप बसवले आहेत. एकाच बोअरमध्ये सौर पंप आणि हापसा. ऊन असताना सौर पंप टाकी भरतो आणि नळाला पाणी येते. पावसाळी दिवस आला, पॅनल बिघडले, तर त्याच बोअरवर हापसा चालतो.