बार्शी लाइटचे इंजिन घरी बांधू या

वाचकहो, बार्शी लाइटने पंढरीला गेलेली माणसे आपल्या घरांत अजून आहेत. त्यांच्या नातवंडांनी मात्र ती गाडी पाहिलेली नाही. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या मार्गावर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज आले आणि छोटी गाडी गेली. सुट्टीत मुलामुलींना हाताशी घेऊन तिच्या इंजिनाची प्रतिकृती बांधता येते. सामान बहुतेक घरातलेच लागते. लागते ती चिकाटी.

आधी इंजिन समजून घ्या

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही लाइन उभारली. रुळांतील अंतर २ फूट ६ इंच आणि रूळ हलके, यार्डाला ३० पौंडांचे. ते दबू नयेत म्हणून एका आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. पण ओढायला इंजिन तर दमदार हवे. मग भार वाटून देण्यासाठी चाके वाढवली. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना आठ ओढणारी चाके होती आणि मागे आधाराला चार. म्हणून ध्यानात ठेवा, चाके लहान पण पुष्कळ, आणि अंग रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. चाके मोठी केलीत की ती बार्शीची गाडी राहत नाही.

मापे कशी काढावी

फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरा. मग रुळांतील अंतर बरोबर सव्वा इंच येते. नकाशा मिळाला नाही तरी अडत नाही. इंजिनाचा समोरून काढलेला एक फोटो आणि बाजूने काढलेला एक फोटो मिळवा. समोरच्या फोटोत पुढच्या चाकांखाली रुळांतील अंतर मोजा. ते खरे अडीच फूट आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यावरून धुराड्याची रुळापासूनची उंची काढा. आता तीच उंची बाजूच्या फोटोत मोजपट्टी म्हणून वापरा, म्हणजे लांबी, चाके, टाक्या, सगळी मापे हाती येतील. ती कागदावर पूर्ण आकारात काढा आणि मगच कात्री हातात घ्या.

बांधणी

बॉयलरला ठिबकच्या कामातून उरलेला ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो. आपल्या प्रमाणात तो सुमारे ३ फूट २ इंच जाडीचा होतो. कागदावरच्या मापाशी ताडून पाहा. पाइप तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो. टाक्या आणि ड्रायव्हरची खोली तेलाच्या डब्याच्या पत्र्याची करा. पत्रा कापण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि कडा आत दुमडून घ्याव्यात. धुराडे व घुमट सुताराकडून लाकडात कातून घ्या.

चाकासाठी दोन चकत्या करा, एक जाड आणि दुसरी पातळ, थोडी मोठी. दोन्ही एकमेकींना चिकटवल्या की मोठीची कड रुळाच्या आत उतरते आणि चाक घसरत नाही. आस सायकलच्या स्पोकचा. मधल्या दोन जोड्यांना मात्र ही कड ठेवू नका, नाहीतर आठ चाकांचे इंजिन वळणावर अडकेल.

चाके जोडणाऱ्या दोन पट्ट्या एकावर एक धरून भोके एकदमच पाडा. एक भोक केसभर चुकले तरी चाके आवळतात. डाव्या व उजव्या बाजूच्या खिळ्यांत पाव फेऱ्याचा फरक ठेवा. खऱ्या इंजिनात एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला की दुसऱ्या बाजूचा चाक पुढे रेटतो, ते याच फरकामुळे.

रिव्हेटसाठी पत्रा बसवण्यापूर्वी उलट्या बाजूने बोथट दाभणाने समान अंतरावर टिंब दाबा. ही ओळ सरळ आली, की डब्याचा पत्रा इंजिनाचा वाटू लागतो.

रंग

रंगाची घाई केली की महिन्याची मेहनत वाया जाते. सगळे अंग बारीक पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, वाळवा. पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात द्या. मग रंग पातळ करून दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर एक रात्र थांबून. मळणीच्या दिवसांत हे काम अंगणात करू नका, धूळ चिकटून बसते. काळा रंग असेल तर त्यात थेंबभर पांढरा मिसळा; लहान वस्तूवर निव्वळ काळा रंग बारकावे गिळून टाकतो. शेवटी धुराड्याच्या तोंडाशी कोरड्या ब्रशने दिव्याची काजळी लावा. जिथे वाफ गळते, तिथे चुनखडीची फिकट रेघ ओढा. क्षारांच्या पाण्याने इंजिनावर तशीच रेघ उठते.

पण रंग कोणता द्यावा? जुने फोटो काळे-पांढरे. त्यांत तांबडा आणि हिरवा सारखेच दिसतात. ही माहिती आहे ती गाडीवर काम केलेल्या फायरमनकडे, गँगमनकडे, रोज तिकीट काढून शाळेला गेलेल्या आजोबांकडे. मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. दोघा-तिघांना वेगवेगळे विचारा, कोणत्या सालची आठवण तेही लिहून घ्या, आणि ज्यावर त्यांचे एकमत होईल तो रंग द्या. लोखंड मोडीत गेले तरी त्याची मापे फोटोत राहतात, रंग मात्र माणसांबरोबर जातो. म्हणून पत्रा पुढच्या सुट्टीत कापलात तरी चालेल, पण आजोबांना विचारायचे ते याच आठवड्यात विचारून घ्या.