भोंगा वाजतो, पण आग नसते!

मंडळी, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवेवर गाडी चालवताना अचानक छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, दरदरून घाम. वाटलं, आटोपलं सगळं! गाडी कडेला घेऊन ९११ फिरवला. इस्पितळात ईसीजी, रक्ततपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "पॅनिक अटॅक." घरी सौ.ला मात्र मी सांगितलं, "ॲसिडिटी!"

पुढे इंजिनियरच्या डोक्याने हे यंत्र समजून घेतलं. धोका नसतानाच शरीराचा भोंगा वाजतो, ॲड्रेनॅलिन सुटतं. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं. त्रास खरा, पण ही लाट बहुधा दहा मिनिटांत टोक गाठून ओसरू लागते. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने या विकाराची स्वतंत्र नोंद केली. म्हणजे हा काही मनाचा कच्चेपणा नव्हे.

आता मी श्वास सावकाश सोडतो आणि लाट जाऊ देतो. समुपदेशकाकडेही जातो. छातीत पहिल्यांदा दुखलं तर मात्र स्वतःच निदान करू नका. आधी हृदय तपासून घ्या.

सौ.ला खरं सांगायला मला तीन महिने लागले. ती म्हणाली, "अहो, रात्री पुण्याहून फोन आला की माझंही अस्संच होतं. तुम्हाला कशाला काळजी, म्हणून बोलले नाही."

एकाच छपराखाली दोन भोंगे वाजत होते आणि दोघंही गप्प! तेव्हा मंडळी, बोला.