पोडावरची शाळा आणि गुरुजींची वेतनश्रेणी

23 ऑक्टोबर 2017 रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला आणि राज्यभर शिक्षकांत असंतोष उसळला. 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी आता शाळेच्या कामगिरीला बांधली होती. शाळा ‘प्रगत’ ठरलेली हवी, शाळासिद्धी या शाळा-मूल्यांकनात ‘अ’ श्रेणी हवी. नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. मोर्चे निघाले, आणि 2019 मध्ये या अटी मागे घेतल्या गेल्या.

अटी गेल्या, प्रश्न राहिला. मुलाला वाचता येत नसेल तर गुरुजींना जाब विचारायचाच नाही का? विचारायलाच हवा. मात्र तो कोणत्या मोजपट्टीने, हे यवतमाळ जिल्ह्यात जाऊन पाहावे.

केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, विखुरले आहेत. कातकरी आणि माडिया गोंडांप्रमाणे कोलामही केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत आहेत. त्यांची कोलामी द्राविडी कुळातली. पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर बंजारा बोली. पाठ्यपुस्तक मात्र मराठी. घरात कोलामी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा गुरुजींना अक्षराआधी भाषा शिकवावी लागते, तीही दोन शिक्षकांच्या शाळेत, तीन-चार वर्ग एकत्र बसवून.

आता वाचनाची चाचणी घ्या. मुलापुढे आधी अक्षरे, मग शब्द, मग सोपा परिच्छेद, शेवटी गोष्ट. पोडावरचे तिसरीतले एक मूल जूनमध्ये अक्षरापाशी अडत होते, मार्चमध्ये परिच्छेद वाचते. यवतमाळ शहरातले दुसरे जूनमध्येच गोष्ट वाचत होते, मार्चमध्येही तीच वाचते. अपेक्षित पातळी गोष्टीची असेल तर तक्त्यावर पहिले नापास, दुसरे पास! वर्षभर राबलेल्या शिक्षकाचे काम असे पुसले जाणे हा उघड अन्याय आहे.

मग सुरुवातीपासूनची प्रगती मोजावी. अमेरिकेत बरीच वर्षे हेच करून पाहिले. 2014 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने बजावले की, बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांतील फरकापैकी 1 ते 14 टक्केच शिक्षकाच्या वाट्याला येतो. अटलांटात गुणांवर नोकऱ्या आणि बक्षिसे टांगली गेली, तेव्हा शाळांतच उत्तरपत्रिकांत खाडाखोड झाली. 2015 मध्ये 11 शिक्षक-अधिकारी दोषी ठरले. त्याच वर्षी नव्या संघीय कायद्याने शिक्षक-मूल्यमापनाला गुण जोडण्याचा आग्रह सोडला.

म्हणून चाचणी हवीच, पण ती कोणत्या मुलाला कुठे हात द्यायचा हे कळण्यासाठी. पगार तिला बांधला की पहिला बळी तिच्या खरेपणाचा जातो. शिक्षकाचे काम जोखायचे तर केंद्रप्रमुखाने वर्गात तासभर बसावे, वह्या उघडाव्यात, पालकांशी बोलावे. त्यासाठी केंद्रप्रमुखांची रिक्त पदे आधी भरावी लागतील. आणि जून ते मार्चचा हिशेब मांडायचाच असेल, तर वर्षाच्या मध्येच गुरुजींची बदली झालेली असते किंवा मूल आईबापांबरोबर मजुरीला परगावी गेलेले असते, त्याचीही नोंद त्या तक्त्यात हवी.