रणभूमीवरील मुलास आईचे पत्र

१८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात विन्स्टन चर्चिल हा एकवीस वर्षांचा तरुण अधिकारी चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर बंगलोरच्या छावणीत दाखल झाला. पोलो आणि गुलाबाची बाग यांपलीकडे तेथे त्यास फारसे काम नव्हते. लंडनमधील त्याची आई, लेडी रँडॉल्फ, त्यास नियमाने पत्रे लिही. मुलाच्या मागणीवरून तिने गिबन व मेकॉले यांचे ग्रंथ धाडले. त्याच्या उधळेपणाबद्दल त्याची खरडपट्टी काढली. स्वतः तीही काही काटकसरी नव्हती, हा भाग वेगळा. १८९७ साली तो मलाकंदच्या लढाईवर गेला, तेव्हा त्याची वार्तापत्रे लंडनच्या वृत्तपत्रात छापून आणण्याची खटपट तिनेच केली. मायलेकांची पत्रे दोन्ही बाजूंनी जतन झाली असून आज ती केंब्रिजच्या अभिलेखागारात आहेत.

ही पत्रे टिकली, याचे कारण उघड आहे. आई लिहिणारी होती, कागद जपून ठेवणारे घर होते, आणि मुलगा जगला व पुढे जगप्रसिद्ध झाला. यांपैकी एकही गोष्ट ज्यांच्या वाट्यास आली नाही, अशा आयांच्या पत्रांचे काय झाले?

हा प्रश्न मराठी मुलखापुरता विचारला, तर १९१४ च्या महायुद्धापाशी थांबावे लागते. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतून भरती झालेल्या मराठा पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. १९११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात दर हजार स्त्रियांमागे सुमारे दहा साक्षर होत्या. शेतकरी कुटुंबांत तर त्याहूनही कमी असणार. मुलगा बसऱ्यास आणि आई माणदेशातील एखाद्या वाडीत, अशा स्थितीत पत्र लिहिले जाई ते दुसऱ्याच्या हाताने.

हा दुसरा हात बहुधा शाळामास्तरांचा, कुलकर्ण्यांचा, नाहीतर पोस्टमनचा असे. आई सांगे आणि लिहिणारा लिही. परंतु सांगितलेले सगळेच कागदावर उतरत नसे. पत्राचा साचा ठरलेला होता. आरंभी ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, त्यामागून ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’, आणि मग ‘विशेष’. जे काही सांगावयाचे ते या ‘विशेष’ नंतर. पाऊस, बैल, सावकाराचे देणे, भाऊबंदांची कुरबुर, बहिणीचे लग्न आणि मनीऑर्डर पोचली किंवा नाही. डोळ्यांतील पाण्याला या साच्यात जागा नव्हती, आणि मास्तरांसमोर व चार शेजाऱ्यांदेखत एखादी बाई ते सांगणार तरी कशी? म्हणून ‘प्रकृतीस जपावे’ या नेहमीच्या शब्दांवरच सगळा भार पडे.

पत्र पोचले तरी मुलास ते एकट्यास वाचता येईलच असे नव्हते. पलटणीतील अक्षरओळख असलेला एखादा सोबती ते मोठ्याने वाचून दाखवी आणि भोवतालचे ऐकत. एका गावचे चारपाच जण एकाच कंपनीत असत, तेव्हा एकाच्या आईचे पत्र हे साऱ्यांचेच वर्तमान ठरे.

याखेरीज एक तिसरा वाचकही होता. फ्रान्समधील हिंदी सैन्याच्या टपालासाठी १९१४ च्या अखेरीस सरकारने एक तपासणी कचेरी उघडली. तिचा प्रमुख एव्हलिन हॉवेल हा हिंदुस्थानात नोकरी केलेला अधिकारी होता. १९१५ च्या वसंतात हिंदी शिपाई आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे लिहीत. इतकी पत्रे वाचणे अशक्यच होते. निवडक पत्रे उघडून त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करावयाचे आणि ते अहवालास जोडावयाचे, अशी रीत होती. घरून येणाऱ्या पत्रांवरही नजर असे, कारण दुष्काळाची किंवा तंट्याची वार्ता शिपायाचे मन खचविते, हे सरकार जाणून होते.

विलक्षण गोष्ट ही की, ज्याने पत्रे संशयाने उघडली त्याच्याच दप्तरात ती उरली. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. मात्र उरले ते भाषांतर; मूळ कागद नाहीत. त्यातही पंजाबी शिपायांची पत्रे पुष्कळ, मराठी थोडी, आणि आयांची त्याहून थोडी. आईने काय लिहिले असेल, ते बहुधा मुलाच्या उत्तरावरूनच ताडावे लागते. बैल विकू नका असे मुलगा लिहितो, तेव्हा बैल विकण्याची गोष्ट घरून निघाली होती हे समजते. अशा रीतीने आईचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो लेखनिक, तपासनीस, भाषांतरकार आणि मुलगा या चौघांच्या हातून.

मेसोपोटेमियातील मराठ्यांच्या वाट्यास तर एवढेही आले नाही. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुट या गावास तुर्की सैन्याचा वेढा पडला. आत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचे सैन्य होते, त्यात जंगी पलटण म्हणून ओळखली जाणारी १०३ वी आणि ११० वी मराठा या पलटणी होत्या. सुमारे पाच महिने बाहेरच्या जगाशी मुख्य दुवा बिनतारी यंत्राचा होता, आणि ते यंत्र सेनापतीच्या निरोपांसाठी होते, घरच्या खुशालीसाठी नव्हे. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. वाळवंटातून त्यांना पायी नेण्यात आले आणि त्यांतील पुष्कळ वाटेत व कैदेत मेली. या काळात गावाकडून जी पत्रे निघाली, ती ज्याच्या नावची होती त्यास मिळण्याची आशा फारच थोडी होती.

युद्ध संपल्यावर सरकारने भरती झालेल्या अनेक गावांत दगडी शिळा बसविल्या. सातारा जिल्ह्यातील काही गावांत त्या आजही दिसतात. गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यांतील कितींनी प्राण दिले, एवढे दोन आकडे अशा शिळेवर कोरलेले असतात. नावे नसतात.