क्लॅरियन: दुसऱ्याची कथा उसवताना

क्लॅरियन ही विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेत उन्हाळ्यात भरणारी सहा आठवड्यांची निवासी कार्यशाळा. रॉबिन स्कॉट विल्सन या प्राध्यापकाने ती १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन स्टेट कॉलेजात सुरू केली. कॉलेजचे नाव तिला चिकटले ते कायमचे. पत्ता मात्र बदलत गेला. १९७२पासून ती मिशिगन स्टेट विद्यापीठात भरे, २००७पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात भरू लागली. सिएटलची क्लॅरियन वेस्ट ही तिची धाकटी बहीण.

पद्धत विल्सनची स्वतःची नव्हती. डेमन नाइट आणि त्याच्या लेखकमित्रांनी १९५६ साली मिलफर्ड गावी एकमेकांच्या कथा तपासण्याची बैठक सुरू केली होती. तिथे शिरकाव फक्त छापून आलेल्या लेखकांना. विल्सनने तीच रीत नवशिक्यांसाठी वापरली. आदल्या रात्री कथा वाचून ठेवायच्या, सकाळी गोल करून बसायचे आणि प्रत्येकाने पाळीपाळीने मत द्यायचे. तोवर ज्याची कथा आहे त्याने तोंड उघडायचे नाही. नियम जाचक वाटतो, पण त्यामागचा विचार व्यवहारी आहे: छापलेल्या कथेसोबत लेखक खुलासे करायला वाचकाच्या घरी जात नाही. जे कागदावर उतरले नाही, ते कथेत नाही. लेखकाची पाळी येते सर्वांत शेवटी.

शिकवणारे अनुभवी लेखक असतात आणि ते पाळीपाळीने येतात. शेवटचे दोन आठवडे एक जोडी सांभाळते. नाइट आणि त्याची पत्नी केट विल्हेल्म यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. विल्हेल्मने २००५च्या ‘स्टोरीटेलर’ या पुस्तकात क्लॅरियनच्या सत्तावीस वर्षांचा अनुभव मांडला आहे. त्यातली लाल रेघ प्रसिद्ध आहे. संपादक जिथे वाचन थांबवून कथा बाजूला ठेवील, तिथे हस्तलिखितावर ती ओढायची. पुष्कळदा ती पहिल्याच पानावर येई.

अशा कार्यशाळांनी दोषांना नावेही दिली. ‘बॉब, तुला माहीतच आहे’ हे त्यांतले सर्वांत लाडके. दोन भाऊ बोलत असतात आणि एक म्हणतो, “दादा, तुला ठाऊकच आहे, आपले वडील तीन वर्षांपूर्वी वारले.” दादाला ते ठाऊक आहे, ही माहिती वाचकासाठी आहे. उपाय असा की ऐकणाऱ्याला खरोखरच अजाण ठेवावे, किंवा दोघांत भांडण लावून ती माहिती रागाच्या भरात बाहेर येऊ द्यावी.

वर्गात साधारण अठरा जण. प्रत्येकाने आठवड्याला एक कथा लिहिली तर सहा आठवड्यांत शंभराहून अधिक कथा हातांखालून जातात. खरे शिक्षण इथे होते. आपल्या कथेवर बाकीचे जण काय म्हणाले ते माणूस ऐकतो, दुखावतो, काही विसरतो; पण परक्या कथेचा तिसरा परिच्छेद का लंगडतो हे शब्दांत सांगावे लागले, की तोच लंगडेपणा पुढे आपल्या कागदावरही दिसू लागतो. झोप मात्र उडते.

ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली कॅलिफोर्नियाहून बसने इथे आली. कार्यशाळेच्या काळातच तिच्या कथा विकल्या गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षे एकही विकली गेली नाही. पहिली कादंबरी आली १९७६ साली. टेड चियांग १९८९चा विद्यार्थी. त्याच्या १९९०च्या पहिल्याच प्रकाशित कथेला नेब्युला पुरस्कार मिळाला. यांतली बटलरची वाट अधिक नेहमीची म्हणावी लागेल.

आक्षेप जुनाच आहे: अठरा जणांना रुचेल अशी कथा गुळगुळीत होते. मौनाच्या नियमावरही बोट ठेवले गेले आहे. मॅथ्यू सॅलेसिस याने २०२१च्या पुस्तकात दाखवले, की वर्गातल्या बहुसंख्यांना परक्या असलेल्या संस्कृतीतून आलेल्या लेखकाला हे मौन जास्त महाग पडते.

मराठी विज्ञानकथेला मात्र बळ मिळाले ते कार्यशाळेतून नव्हे, स्पर्धेतून. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. पण स्पर्धा निकाल सांगते, कथा कुठे फसली हे सांगत नाही. क्लॅरियनची रीत भारतात आणण्याचा एक प्रयत्न २००९ साली आयआयटी कानपूरमध्ये झाला: वंदना सिंग, सुचित्रा माथुर आणि क्लॅरियन वेस्टमध्ये शिकलेले अनिल मेनन यांनी तिथे विज्ञानकथा-अद्भुतकथेची कार्यशाळा घेतली.